तीनशे चाळीस दिवस ऊन

जावयाने आणलेल्या रंगीत कागदावर
ठळक अक्षरांत लिहिलं होतं:
वर्षाचे तीनशे चाळीस दिवस ऊन, खात्रीने.
बेबीताईने चष्मा पुसून पुन्हा वाचलं.
"काऊन वहिनी, हे पैसे देऊन घ्याचं असते?"

गोरेवाड्यात तेव्हा त्रेचाळीस होतं.
नळाचं पाणी तसंच चहाला चाललं असतं.
पण तिकिटं निघाली होती,
परत केली तर अर्धेच पैसे मिळत होते,
म्हणून गेलो,
पर्समध्ये सवयीने एकेक कांदा टाकून.
विमानतळावरच्या पोराने तो हातात धरून
बराच वेळ पाहिला.

गावाचं नाव हुरघाडा.
बेबीताई शेवटपर्यंत हुरडाच म्हणाली.
समुद्र असा निळा,
जशी नीळ जास्त झाल्यावर बादली.
आणि काठावर माणसं,
ओळीने, तेल लावून, उघडी,
चैत्रात गच्चीवर घातलेल्या सरगुंड्यांसारखी.
अकरा वाजले, बारा वाजले, कोणी उठेना.
मला सारखं वाटे,
एका बाजूने झाल्या असतील,
आता उलटवायला हव्यात.

आम्ही दोघी छत्रीखाली,
दुपट्टा नाकातोंडावरून गुंडाळून,
स्कूटीवर सीताबर्डीला निघाल्यासारख्या.
एक लालबुंद म्हातारी हसली,
खुणेनं म्हणाली, बाहेर या.
बेबीताईने खुणेनंच सांगितलं,
आमचं झालं.

चौथ्या दिवशी राजांच्या थडग्यांकडे नेलं.
डोंगराला भोक, खाली उतरत गेलेली वाट,
भिंतींवर रंग असे, की कालच पेंटर जेवायला गेला.
आत कोंदट.
हे असते तर दारातच म्हणाले असते,
हवा आत आली, तिला जायला वाट नको?
कूलर काय करेल बिचारा.

गाईड सांगत होता, राजासोबत काय काय ठेवलं.
होडी. भाकरी. पंखे. चपला.
हाकेला ओ द्यायला मातीची माणसं.
मला आठवत होती ह्यांची पकड,
लाल मुठीची,
एका मुठीचं रबर गेलेलं,
तिथे सायकलची ट्यूब गुंडाळलेली.
सदरच्या दुकानात चाळीस उन्हाळे
ह्यांनी लोकांची घरं गार केली.
आमच्या कूलरचा नंबर मेच्या अखेरीस, जमलं तर.
गेले तेही मेमध्ये.
अंबाझरी घाटावर सोबत दिलं
तुळशीचं पान, सोन्याचा एक मणी.
पकड कोणालाच सुचली नाही.
अजून आहे ती, चहापत्तीच्या डब्यामागे.

परतल्यावर पंधरा दिवस फोटो दाखवले.
उंटावरचा, ज्यात बेबीताईचे डोळे मिटलेत,
तो सगळ्यांना आवडला.
मग एका दुपारी काटोलच्या बसमधून
मधेच उतरले, जुनापाणीच्या पाटीशी.
काटोल माझं माहेर.
एकोणचाळीस वर्षं ही पाटी खिडकीतून गेली,
उतरायचं कधी काम पडलं नव्हतं.

काळे दगड, गोल मांडलेले.
एक गोल, पलीकडे दुसरा,
मग मोजणं सोडलं.
मध्ये करपलेलं गवत.
राजा नाही, निदान नाव तरी नाही.
खाली म्हणे मडकी निघाली, लोखंडी हत्यारं,
घोड्याच्या तोंडातली कडी.
म्हणजे कोणाला तरी सुचलं होतं.

तिकीट नाही, दोरी नाही.
सावलीला एक बाभूळ, तीही चिकट.
पिशवीत कांद्याशेजारी पकड होती.
काढली, हातात धरली, तापली.
पुन्हा आत टाकली.
घरी पंपाची तार सुटलीय,
ती जोडायला लागणार.

शेळ्यांमागून एक माणूस आला, थांबला.
"कोणाकडे आल्या बाई?"

काय सांगणार.
पाण्याची बाटली पुढे केली.
वरूनच प्यायला, मिशी पुसली,
दगडांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"इथं तं कोणी राहत नाही," म्हणाला,
"बसा मंग. ऊन उतरू द्या."